चिकटपट्टी लावलेली कॅसेट

रविवार, ९ नोव्हेंबर. गारखेडा.

ताईच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट पेनड्राइव्हवर करून घ्यायला छावणीत सलीमभाईंच्या दुकानात गेलो होतो. तिला आमच्या वडिलांचा, अण्णांचा आवाज ऐकायचाय. लग्नानंतर वर्षभरातच ते गेले. मशीन सुरू झालं आणि पडद्यावर आलं अंतराळयान. लहानपणी टीव्हीवर लागायची ती मालिका, पुठ्ठ्याचे ग्रह.

"भाई, दुल्हन तो चाँद पे गई!" सलीमभाई हसले. मग कॅसेट काढून कड दाखवली. लग्नाच्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून तिथला प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकतात. त्या खाचेवर चिकटपट्टी होती; ती लावली की पुन्हा रेकॉर्डिंग करता येतं. "ये तो किसी ने जानबूझ के लगाई."

मीच लावली. सातवीत होतो. मालिकेचा शेवटचा भाग होता, कोरी कॅसेट नव्हती. थोडंच पुसलं जाईल असं वाटलं असेल. की काही वाटलंच नव्हतं? पट्टी दातानं तोडल्याचं मात्र स्पष्ट आठवतं.

मालिका संपल्यावर लग्नाच्या चित्रणाचे आठ सेकंद उरलेत. जीपच्या खिडकीशी वाकलेले अण्णा ताईला म्हणतात, "रडू नको माय. परवा येतोच की न्यायला."

संध्याकाळी ताईचा फोन आला. "मिळालं का रे?"

"बुरशी लागली होती, ताई. काहीच नाही निघालं."

"जाऊ दे. तुझा काय दोष त्यात?"

ते आठ सेकंद पाठवले तर बाकीचं कुठंय, असं ती विचारणारच. म्हणून पाठवले नाहीत. एकट्यानंच सहा वेळा ऐकले. अण्णांनी तिला म्हटलेलं वाक्यही मीच ठेवून घेतलं.