तेलातले अंजीर

४ मे

आजही गेली!

ऊन कलतं न कलतं तोच शिलाई मशीनवर फडकं टाकलं, केस बांधले, आणि— 'येते रे माणसा, ताक झाकून ठेवलंय.' संपलं. मी, तिचा नवरा, दारात उभा, आणि ताऊसबाई निघाल्या डोंगर चढायला!

बरोबर गावातल्या पाच-सहा बायका असतात. ठीक आहे. पण पुढे कोण? यिदिर! शाळेत कवायत शिकवतो. तिशी नाही, पोट नाही, बायको नाही. ऑलिव्हच्या राईतून, ओढा ओलांडून, थेट वरच्या खिंडीपर्यंत पळवतो सगळ्यांना. तिथे बकऱ्यासुद्धा विचार करून पाय टाकतात. या महिन्यात गावची संध्याकाळची शर्यत आहे, तिची तयारी म्हणे.

मी विचारलं, हे खूळ कशाला? म्हणाली, 'बसून बसून पाठ धरते. तूही चल की. डॉक्टरांनी तुला चालायला सांगितलंय ना?' म्हटलं, मी न्हावी आहे, दिवसभर उभाच असतो! ती हसली.

पूर्वी या वेळी दुकानात कॉफी घेऊन यायची. उंबऱ्यावर बसून दोघं प्यायचो. आता कॉफी थर्मासमध्ये भरून ठेवते. थर्मासमधली कॉफी म्हणजे पाहुण्यांची कॉफी. मी काय पाहुणा आहे?

६ मे

यिदिर दाढीला आला. वस्तरा माझ्या हातात, मान त्याची. देवा, माणसाच्या मनात काय काय येतं!

वर म्हणतो कसा, 'दा मेझियान, न्ना ताऊसचा दम काय दांडगा आहे हो! चढावर मलाही ऐकत नाही.' मला दा म्हणतो, तिला न्ना. मोठा भाऊ, मोठी बहीण! गोड बोलणाऱ्याच्या पोटात काय असतं ते मी तीस वर्षं खुर्चीत बसवून बघतोय. हनुवटीपाशी एक ओरखडा आला. मुद्दाम नाही केला.

बरं, केला थोडासा.

७ मे

गेलो मागे. लिहायला लाज वाटते, पण ही वही सोडून सांगू कुणाला?

दुकान लवकर बंद केलं. चौकातून जाता येत नाही, कॉफीहाउसबाहेर अख्खं गाव बसलेलं असतं. म्हणून मागच्या गल्लीतून उतरलो, राईत शिरलो. ते सगळे ओढ्यापलीकडे होते. सगळ्यांच्या शेवटी ताऊस. लाल स्कार्फ. झाडामागून झाडामागे करत निघालो.

ओढ्यापर्यंत ठीक होतं. मग चढ लागला आणि प्राण कंठाशी आले! दुकानातले बूट, गुळगुळीत तळ, पाय सारखा मागे सरकतो. पोट आधी वर जातं, मी नंतर. तिसऱ्या वळणावर खाली बसलो आणि म्हटलं, मेझियान, आज तुझी बायको जाणार आणि तूही जाणार.

आणि तो यिदिर वरून ओरडतोय— 'इथे दगड सुटे आहेत! डावीकडून या, जपून!' केवढ्यानं! बायका काय बहिऱ्या आहेत? नुसता मिरवतो मेला.

८ मे

पाय हलत नाहीत. गिऱ्हाइकांना सांगितलं, खुर्ची पडली पायावर.

१० मे

आज पुरावा सापडला.

तिसऱ्या वळणावर, ओकच्या म्हाताऱ्या झाडासमोर एक मोठा खडक आहे. लांबून बघत होतो. बायका पुढे गेल्या, ताऊस एकटी थांबली. वाकली. खडकामागे काहीतरी ठेवलं, पदर झटकावा तसे हात झटकले आणि पळाली. मी धापा टाकत पोचलो. हातरुमालाची पुरचुंडी. आत चार सुके अंजीर. तेलात बुडवलेले!

तेलात बुडवलेले अंजीर! आमच्याकडे बाई ते देते कुणाला? शेतावर राबायला जाणाऱ्या आपल्या पुरुषाला. पाहुण्याला नाही, दिराला नाही. माझ्या आईनं आयुष्यभर बापाशिवाय कुणाला दिले नाहीत. आणि तेल आमच्याच घरचं! वास ओळखतो मी, त्या ऑलिव्हच्या झाडांची छाटणी मी करतो. यिदिर उतरताना थांबून खात असणार. नाकावर टिच्चून!

तळपायाची आग मस्तकात गेली. बसलो तिथेच आणि चारही खाल्ले. खा म्हणावं आता दगड!

घरी आली तर गालांवर लाली. 'आज जेवलास कमी,' म्हणाली. भूक कुठली असणार?

११ मे

परत चार. परत खाल्ले. आज खिंडीच्या अलीकडच्या वाकणापर्यंत गेलो. रागात दम कमी लागतो असं दिसतं.

१३ मे

नको ते झालं.

परतताना उशीर झाला. ते लोक उतरायच्या आत घर गाठायचं म्हणून पाणवठ्याच्या वाटेनं धावत सुटलो. संध्याकाळी ती वाट बायकांची. इथला शेंबडा पोरगाही त्या वेळी तिकडे फिरकत नाही. मला माहीत नाही का? पण डोक्यात दुसरंच भरलेलं. वळलो आणि समोर न्ना फेत्ता, पाठीवर पाण्याचा कॅन, मागे तिच्या दोन्ही सुना.

'मेझियान! तू? या वाटेवर? या वेळी?'

'वाट चुकलो, न्ना.'

'ऐका गं बायांनो! केस पांढरे झाले या गावात, आणि वाट चुकला म्हणे!'

रात्र पडायच्या आत गावभर झालं. परवा गावच्या सभेपुढे उभं राहायचंय. खरं सांगावं तर बायकोवर पाळत ठेवतो म्हणून गाव थुंकेल, आणि ताऊस त्याच दिवशी बोचकं बांधून माहेरी जाईल. खोटं सांगावं तर दुसऱ्यांच्या बायका बघायला गेला होता ठरणार. इकडे आड, तिकडे विहीर.

१५ मे

शुक्रवार. सभा भरली. सगळे बाप्ये दगडी बाकांवर, मी मधे. यिदिरही होता. मुखिया दा लूनिस दाढी खाजवत म्हणाले, 'बोल. कुणासाठी गेला होतास?'

तोंडून निघून गेलं— 'पळत होतो.'

'कोण लागलं होतं मागे?'

सगळी सभा फुटली हसून! मी म्हटलं, शर्यतीचा सराव. खिंडीपर्यंत जातो रोज.

'या पोटासकट?'

'पोट घरी ठेवून येता येत नाही, दा लूनिस.'

परत हशा. दंड झालाच, तो होणारच होता. वर दा लूनिस म्हणाले, 'आणि शर्यतीत पळायचं. नाही पळालास तर खोटं बोललास, मग दुसरी सभा.' यिदिर खाली मान घालून म्हणाला, 'मी नाव घालतो त्यांचं.' खांदे हलत होते त्याचे. हस बाबा, हस. वेळ माझीही येईल.

१६ मे

ताऊसनं एका शब्दानं विचारलं नाही! नवरा पाणवठ्याच्या वाटेवर सापडला, दंड भरून आला, आणि ही ताटात कुसकुस वाढते. म्हणे, 'शर्यतीत पळणार तर कांदा कमी खा.' भांडली असती, रडली असती तर बरं वाटलं असतं. जिला फिकीरच नाही ती कशाला विचारेल? रात्रभर कूस बदलत होतो. ती शांत झोपलेली. तिच्या केसांना डोंगरातल्या ओव्याचा वास येतो आता.

तिच्याशिवाय मला या घरात चमचा कुठे असतो तेही माहीत नाही.

१९ मे

यिदिर पळायचे बूट दुकानात ठेवून गेला. 'मला घट्ट होतात, कुणाला बसले तर बघा.' खुर्चीखाली भिरकावले. मग दुकान बंद केल्यावर घालून पाहिले. चपखल! घालणार. त्याचेच बूट घालून त्याला पकडणार. चोरावर मोर.

अंजीर रोज चार. रोज मीच खातो. तो कसा तक्रार करत नाही? तिला विचारत कसा नाही, कुठे गेले म्हणून? पक्का आहे!

२१ मे

ठरलं. उद्या शर्यतीत खडकापाशी लपायचं. तो अंजीर उचलायला वाकला की समोर उभं राहायचं. मग तिनंच सांगावं, घर कोणाचं.

२२ मे

लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

ऊन कलल्यावर चौकातून शर्यत सुटली. आधी पुरुष, थोड्या वेळानं बायका. यिदिर बाणासारखा पुढे. मी मागे मागे राहत गेलो, मला कुठे जिंकायचं होतं? तिसऱ्या वळणावर ओकमागे दडलो. सगळे गडी कधीच पुढे गेलेले.

मग बायका आल्या. शेवटी ताऊस. थांबली. इकडेतिकडे पाहिलं. कमरेची पुरचुंडी काढून खडकामागे ठेवली. आणि हसत होती! एकटीच, तोंडावर हात ठेवून! कुणाच्या तरी आठवणीनं बाई एवढी हसते, आणि मी झाडामागे उभा. कधी एवढं दुखलं नव्हतं मला. गुडघ्यांचं बोलत नाही मी.

ती गेली. मी थांबलो. थोड्या वेळानं यिदिर खिंडीला शिवून खाली उतरत आला, पहिला. आता वाकेल, आता वाकेल! खडकाकडे बघितलंसुद्धा नाही. उडत निघून गेला.

म्हणजे यिदिर नाही!

मग कोण? आणखी कोण आहे या डोंगरात? एकेक गडी नजरेखालून घातला. मागे तर कुणीच उरलं नव्हतं, फक्त मी. कोणीतरी तिसरा आहे, आणि तो माझ्यापेक्षा हुशार आहे!

अंजीर खाल्ले, सवय झालीय. खिंडीला शिवून खाली आलो तेव्हा कंदील लागले होते. सगळ्यांत शेवटचा. तरी न्ना फेत्ता ओरडली, 'आला बघा वाट चुकलेला!' आणि अख्ख्या चौकानं टाळ्या वाजवल्या. ताऊसनं आपला स्कार्फ काढून माझं तोंड पुसलं. सगळ्यांसमोर. काय समजावं या बाईला?

२३ मे

सकाळी ताऊस तेलाचं मडकं उघडून बसली होती. मान वर न करता म्हणाली, 'माणसा, सोमवारपासून तीनच ठेवते. चार खाऊन तुला शेवटचा चढ जड जातो. आणि परत लपायचं असेल तर पाय आत घेत जा, काल ओकमागून बूट दिसत होते. हसू आवरेना मला.'

कधीपासून, एवढंच विचारलं.

'पहिल्या दिवसापासून. यिदिर बिचारा तुझ्यासाठी ओरडून ओरडून घसा बसवून घेतोय. आणि मला तरी कुठली एवढी हौस? दम लागतो रे. तू मागून येत नसतास तर मी केव्हाच सोडलं असतं.'

उंबऱ्यावर बसलो. तिनं कॉफी आणली. थर्मासमधली नव्हती.