सभागृहाचा नळ आणि माझी मिळकत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पालिकेचा निवृत्त पाणी-तपासनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी कालच दिला. गेल्या महिन्यात जे पाहिलं त्यानंतर ते ठिकाणावर राहिलं कसं, याचं मलाच नवल वाटतं. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. राहतं घर, वरच्या गळक्या खोलीसह, माझ्या एकुलत्या एका लेकीला. आज ती माझ्याच जुन्या खुर्चीवर बसते, म्हणजे पालिकेची पाणी-तपासनीस आहे. या कलमाला एक अट जोडा असं वकील म्हणत होते. मी जोडली नाही. कारण कलम ४ मध्ये.

कलम २. कपाटातली व्हिस्कीची अर्धी बाटली माझ्या मेव्हण्याला, म्हणजे विद्यमान नगराध्यक्षांना. मी काही न पिणारा माणूस नाही. आठवड्यातून एकदा घेतो, स्वतःच्या पैशाने. मेव्हण्याने स्वतःच्या खिशातून बाटली आणलेली मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. हीही त्याला फुकटच मिळते आहे, पण लोकांच्या पैशाची नाही, एवढं त्याने पिताना ध्यानात ठेवावं.

कलम ३. पाईपाचे पाने आणि शिडी आमच्या प्लंबरला, ज्याला सगळे वायसर म्हणतात. शिडी सहा वर्षांपासून त्याच्याकडेच आहे. आता ती रीतसर त्याची झाली.

कलम ४. हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही, कबुलीसाठी आहे.

गेल्या महिन्यात पालिकेच्या सभागृहात आम्हा जुन्या कर्मचाऱ्यांचा सत्कार झाला. गोळी घ्यायची म्हणून मी वाढप्याकडे पाणी मागितलं. तो म्हणाला, "पाणी नाही देत काका इथे. व्हिस्की आहे, बिअर आहे, वाईन आहे." मी म्हटलं, अरे, याचे पैसे कोण देतं? "पालिका देते की! तुम्ही बिनधास्त घ्या." मी गोळी कोरडीच गिळली. ज्या पालिकेने मला एका रबरी हातमोज्यासाठी तीन-तीन अर्ज करायला लावले, ती पालिका शंभर माणसांना दारू पाजत होती!

दुसऱ्या दिवशी तणतणत नोंदणी कारकुनाकडे गेलो. एके काळी तो माझ्या हाताखाली होता. म्हटलं, कुठल्या नियमाने चाललंय हे? त्याने फाईल काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, रागावू नका. हे तुमच्याच सहीने चाललंय."

मला आधी ती थट्टाच वाटली. पण सही माझीच होती. तेवीस वर्षांपूर्वी मी अहवाल दिला होता की सभागृहाचं पाणी पिण्यास अयोग्य आहे. त्यावर ठराव झाला: पाणी योग्य असल्याचा अहवाल येईपर्यंत पाहुण्यांसाठी बाटलीबंद पेयांची सोय पालिकेच्या खर्चाने करावी. सुरुवातीला सोडा आणि सरबत येत होतं. मग बिअर आली. मग काय, रानच मोकळं. पाईप तर मी तीन आठवड्यांत बदलून घेतला होता, पाणी स्वतः पिऊन पाहिलं होतं. पण त्याच आठवड्यात आमच्या हिचं ऑपरेशन निघालं आणि योग्य असल्याचा अहवाल पाठवायचा राहून गेला. एक कागद. तेवीस वर्षं.

तिथल्या तिथे अहवाल लिहून दिला. कारकून म्हणाला, निवृत्त माणसाचा चालत नाही, सध्याच्या तपासनिसाची सही पाहिजे. म्हणजे माझ्या लेकीची.

ती म्हणाली, "बाबा, मामा मला इथे ठेवणार नाहीत." खरं होतं ते. वकील म्हणाले, सही केली तरच घर, असं लिहा, चुटकीसरशी काम होईल. मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. घर दाखवून घेतलेली सही आणि फुकटच्या बाटलीवर मिळवलेलं मत, यात फरक काय राहिला? लेकीने सही करो न करो, घर तिचंच.

कलम ५. बँकेतली सगळी ठेव पालिकेच्या दवाखान्याला.

पुरवणी, वरचं लिहिल्यानंतर नऊ दिवसांनी.

लेकीने नमुने घेतले. मी न सांगता. एक सभागृहातल्या नळाचा आणि एक बाहेरच्या, जिथे दाखल्यांसाठी रांगेत उभी राहणारी माणसं पाणी पितात. पाईप एकच आहे. काल ती घरी आली, चपला न काढताच समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, दोन्ही अयोग्य. मैल्याचे जंतू आहेत."

मी म्हटलं, शक्यच नाही, पाईप मी स्वतः उभं राहून बदललाय. ती म्हणाली, "तेवीस वर्षांपूर्वी, बाबा. त्यानंतर कोणी तपासलंच नाही. अयोग्य म्हणून नोंद असलेली जागा दरमहाच्या तपासणीच्या यादीत येत नाही." तेव्हा माझीही नऊ वर्षं नोकरी बाकी होती. माझ्याही ध्यानात आलं नाही. आत पाहुणे बाटल्या उघडत होते आणि बाहेर लोक, कडेवर पोरं घेऊन, घाण पीत होते. देवा रे! रात्रभर मला हेच दिसत राहिलं.

मेव्हण्याचा फोन आला. आवाज अगदी खुशीत. "भावजी, पोरीनेच अयोग्य म्हटलंय! म्हणजे ठराव कायम. काढा आता शंका मनातून." हा अहवाल वाचून त्याने पहिला विचार बाटलीचा केला! मी फोन ठेवून दिला.

लेकीने बाहेरचा नळ स्वतः बंद केला, सील लावलं आणि पाईपासाठी खोदायची परवानगी लिहून दिली. आज सकाळी तिच्या हातात बदलीचा कागद पडला.

म्हणून कलम ५ रद्द. ठेव मी आज मोडली. हा खर्च पालिकेचा आहे, हे मला कळतं. पण त्यांचा ठराव होईपर्यंत आणखी किती जण पितील? वायसर उद्या सकाळी खोदायला लागतो आहे. बँकेत मागे काही उरणार नाही. लेकी, बाप तुला घरापलीकडे काही ठेवून गेला नाही, माफ कर.

शेवटची इच्छा. मी गेल्यावर मेव्हणा शोकसभा सभागृहातच घेणार, त्याला निमित्त लागतं. त्या सभेत पालिकेच्या पैशाने एकही बाटली उघडू नये. पाणी द्यावं, नळाचं. आधी लेकीने, ती बदलून गेली असेल तर तिच्या जागी आलेल्या तपासनिसाने, नमुना तपासावा, अहवाल लिहावा आणि त्याच दिवशी आवक-नोंदवहीत चढवून शिक्का मारून घ्यावा. ते होईपर्यंत कोणीही माझ्याबद्दल एक शब्द बोलू नये.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: १४ नोव्हेंबर, शुक्रवार

(सही) निवृत्त पाणी-तपासनीस

साक्षीदार, आमच्या देखत सही झाली:
१. शेजारचे औषध दुकानदार (सही)
२. पालिकेचा नोंदणी कारकून (सही. आधी वाचता येऊ नये अशी केली होती. मग त्याने ती खोडून पुन्हा नीट केली.)