रोहिणी दोन दिसते

नालवाडी, मंगळवार, डिसेंबर २००८

दुर्बिणीची फोकसची मोटर बिघडली, असंच मी संध्याकाळभर धरून चाललो. दुर्बिणीच्या तोंडावर दोन भोकांचा पुठ्ठा लावला की फोकस चुकल्यावर एक तारा दोन दिसतो, जमला की एकच. फोकस जमला म्हणून मोटर आपोआप थांबायची, पण लॅपटॉपवर रोहिणी दोनच. किती शिव्या घातल्या मोटरला!

बायको सुनंदा चहा घेऊन गच्चीवर आली, पडद्यात डोकावली.

"एकच तर हाय जी. काऊन चिडून राह्यले?"

पुठ्ठा काढला. तरी दोन. एक डोळा झाकला तर एक.

म्हणजे मोटर ठीक आहे. मग मला काय झालंय?

कप घ्यायला गेलो तर हात हवेतच गेला. ती हसली. तिला सांगितलं नाही. हे लिहितानाही एक डोळा झाकलाय.