काचेच्या बरणीतली मुळं

प्रिय आप्पा,

वाकून नमस्कार. मी मजेत आहे. फोनवर माझा आवाज जड होतो, म्हणून लिहितेय.

मोठेपणी शेतीत काय काय करता येतं ते हातांनी काम करून कळावं, म्हणून इथे माझ्या शाळेमागे सातवीच्या मुलांकडून घेवडा लावून घेतला. रोपं वर आली आणि माना टाकू लागली. कारण कळल्यावर मी कपाळावर हात मारला. मूळ किती वाढलं ते बघायला मुलं रोज रोपं उपटून पुन्हा खोचत होती!

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "फिटली हौस? आता पुस्तकातूनच शिकवा."

मी म्हटलं, "नाही, बाई. ज्यांना मूळ बघितल्याशिवाय राहवत नाही, तीच मुलं उद्या माती तपासतील, नवं बियाणं काढतील."

पुन्हा पेरलंय. काही बिया काचेच्या बरणीत, अगदी कडेला, म्हणजे मुळं बाहेरून दिसतात. मुलं काचेला नाक लावून बसतात. काल मुख्याध्यापिकाही हळूच वाकून बघून गेल्या.

आईचा गुडघा कसा आहे? खरं सांगा.

आणि आप्पा, तुम्ही रोज फोनवर विचारता, "रमलीस का? नाहीतर ये परत." असं रोज उपटून बघू नका. मूळ धरू द्या.

तुमची हट्टी,
धाकटी