पुस्तकातली शहाणी मुलगी

कल्याण,
ता. ८ जानेवारी १९५३

ती. मंदाआत्यास,
बालके नीलाचा शि. सा. न. वि. वि.

आईचा आमवात तसाच आहे. दिवाळीत तिने अंथरूण धरले ते सुटत नाही. सकाळचा स्वयंपाक, धाकट्या चित्राची वेणी, मग शाळा, असे माझे चालू आहे. गणित मागे पडले आहे, पण मार्चच्या परीक्षेपर्यंत भरून काढीन.

आता खरी गोष्ट. तू दिवाळीला दिलेले ते जुने इंग्रजी पुस्तक माझ्या जिवावर उठले आहे. त्यातली मुलगी आधी झाडावर चढते, झगे फाडते, मोठ्यांना उलट उत्तरे देते. तिथवर मी दोनदा वाचले. पुढे ती झाडावरून पडते, वर्षभर बिछान्यात राहते आणि उठते ती एकदम शहाणी होऊन. मग शाळा विसरते, घर सांभाळते आणि सगळे तिला घरातला दिवा म्हणतात. बाबांना हाच भाग आवडला. मोहने गावच्या कारखान्यातून आले की जेवणानंतर ते तेवढाच मोठ्याने वाचतात आणि मराठीत अर्थ सांगतात. म्हणतात, ज्यांनी आपल्यावर राज्य केले तेही मुलींना असेच वाढवत होते, मग आपल्यालाच परीक्षेचे खूळ कशाला. आई भिंतीकडे तोंड करून ऐकते.

पौष संपला की १८ तारखेला, रविवारी, डोंबिवलीच्या विमलाबाई त्यांच्या आनंदसाठी मला पाहायला येणार आहेत. त्यांच्यापुढे मी त्या पुस्तकाचे शेवटचे पान वाचायचे आणि अर्थ सांगायचा, असे ठरले आहे. पसंती आली तर माघातच लग्न, म्हणजे परीक्षा गेली. आत्या, मला फार भीती वाटते. तू बाबांना लिही. मी कळवले असे मात्र सांगू नकोस.

तुझ्या लोभाचाच आधार आहे.
नीला

*

खोपट, ठाणे,
ता. १० जानेवारी १९५३

ती. दादास,
मंदाकिनीचा शि. सा. न. वि. वि.

१८ तारखेला पाहुणे येणार असे कानावर आले. कोणी सांगितले ते विचारू नकोस. नीलाचे इंग्रजी सुधारावे म्हणून मी ते पुस्तक दिले होते. तू त्याची पोथी करशील असे वाटले नव्हते.

दादा, मी मुलींच्या शाळेत शिकवते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली असली पुस्तके पुष्कळ वाचली आहेत. त्यांत मुलगा घरातून पळाला तर जहाजावर चढतो, बेट शोधतो, सोने घेऊन परत येतो आणि बाप त्याला मिठी मारतो. मुलगी नुसती झाडावर चढली तर तिची कंबर मोडते. तिला आजार तरी येतो, नाही तर तिची आई तरी मरते, त्याशिवाय ती मोठी म्हणून होत नाही. ही काय मोठे होण्याची रीत झाली? आणि पुस्तकाचे पहिले पान उघडून बघ. लिहिणारी बाईच आहे, आणि मागे तिच्याच आणखी पुस्तकांची जाहिरात आहे. एवढी पुस्तके काही चुलीपुढे बसून लिहिली नसतील. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरे काय.

लग्न झाले तर नीला तुझ्या घरात तशीही राहणार नाही. मग वहिनींच्या आजारात घर कोण बघणार, हे कारण कशाला? परीक्षेपर्यंत तिला माझ्याकडे पाठव. पुढचे पुढे बघू.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
मंदा

*

कल्याण,
ता. १३ जानेवारी १९५३

चि. मंदास,
त्र्यंबकचे अनेक उत्तम आशीर्वाद.

कोणी सांगितले ते विचारत नाही, कारण आमच्या घरात पत्रे लिहिणारी एकच आहे. पुस्तक बाईने लिहिले म्हणून त्यातला शेवट खोटा ठरत नाही. तू शिकलीस, पगार आणतेस. त्या खोपटच्या खोलीत ताप आला तर पाणी कोण देते, हे कधी विचारले नव्हते, आज विचारतो.

तू कारण विचारलेस म्हणून लिहितो. लक्ष्मी आता पूर्वीसारखी हिंडेल असे धरून चालू नका, असे डॉक्टर म्हणाले. तिला हे सांगितलेले नाही. तिच्या डोळ्यांदेखत निदान एक मुलगी मार्गी लागावी, मग घराचे मी आणि चित्रा बघून घेऊ. त्या पुस्तकात आजारपणातूनही काही चांगले निघते असे लिहिले आहे. ते मला रोज वाचावेसे वाटते. तुला त्याची चेष्टा सुचते.

नीला ठाण्याला येणार नाही. रविवारी तूही येऊ नकोस. उद्या संक्रांत आहे. तिळगूळ घे आणि जमले तर गोड बोल.

लोभ आहेच, तो ताणू नये.
त्र्यंबक

*

कल्याण,
ता. २१ जानेवारी १९५३

वन्संना लक्ष्मीचा सप्रेम नमस्कार.

बोटे वळत नाहीत, अक्षर वेडेवाकडे येईल, सांभाळून घ्या. नीला लिहून देते म्हणाली, पण हे मलाच लिहायचे होते.

रविवारी पाहुणे आले. नीलाने पान वाचले, अर्थ सांगितला, कुठे अडखळली नाही. मी मधल्या खोलीत पडद्याआड पडून होते. विमलाबाई कौतुकाने म्हणाल्या, आजारपणाने पोरीला किती गोड केले. मला राहवले नाही. मी आतूनच मोठ्याने सांगितले की मी दिवाळीपासून पडून आहे आणि काही गोड झालेली नाही. मी चिडते, पोरींवर ओरडते, पांघरूण सरकले तरी रडते. अंथरुणात कोणी शहाणे होत नसते, नुसते दिवस जातात. माझ्या मुलीला आधी परीक्षा देऊ द्या, असेही म्हणाले. बाहेर पोह्यांच्या बशा खाली ठेवल्याचा आवाज झाला. जाताना विमलाबाई आत आल्या आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून गेल्या. होकार येईल असे वाटत नाही.

काल रात्री यांनी डॉक्टरांचे म्हणणे मला सांगितले. मी म्हटले, मला ठाऊक आहे, पाय माझेच आहेत. तेव्हा ते रडले. लग्न झाल्यापासून यांना रडताना मी पाहिले नव्हते. तुम्हाला ते कडक दिसतात, पण वन्सं, ते घाबरलेले आहेत. आज सकाळी त्यांनी नीलाची पेटी माळ्यावरून काढली आणि भात मी लावीन म्हणाले. जन्मात कधी लावलेला नाही, चित्रा शिकवणार आहे.

नीला शनिवारी तुमच्याकडे येते. माझे एक मागणे आहे. दुखणे वाढले की मी तिला बोलावीन. एकदा येऊन जा, जीव घाबरा होतो, असे लिहीन, आणि ते खोटे नसेल. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. ती पत्रे तिला दाखवू नका. परीक्षा संपेपर्यंत तिला पाठवू नका, मी काहीही लिहिले तरी.

तेव्हा मी तुम्हाला बोल लावीन. त्याही वेळी लोभ असू द्या.
लक्ष्मी