चारचौघींत सांगितलंत

बाई, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे तुम्हीच मला शिकवलंत. आज मी बोलणार आहे.

पेणच्या खाडीकडच्या त्या अंगणवाडीत तुम्ही सेविका आणि मी तुमची मदतनीस. एके दिवशी माझ्या हातून ताटांची चळत पडली. सगळी पोरं दचकली, दोन तर रडायला लागली. एक चार वर्षांची मुलगी मात्र पाटीवर रेघोट्या ओढत राहिली. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही तिच्या मागे उभं राहून टाळ्या वाजवल्यात आणि तुमचा चेहरा उतरला. "हिच्या आईला कधी गाठू गो? पहाटे मिठागरावर जाते ती. हळदीकुंकवाला येईल, तेव्हाच सांगते." मला ते पटलं नव्हतं, पण तेव्हा तुमच्यापुढे माझं तोंड उघडत नसे.

आणि तुम्ही खरंच हळदीकुंकवात सांगितलंत! पंचवीस बायका बसलेल्या, मी तिळगूळ वाटतेय, तुम्ही त्या मुलीच्या आईला कुंकू लावताय आणि अगदी मायेनं म्हणताय, "तुझ्या पोरीला ऐकू येत नाय वाटतं गो. दाखवून घे." तिची सासू बाजूलाच होती, ती लगेच म्हणाली, "तिच्या म्हायेरचीच देन हाय ती." मुलीच्या आईनं हातातलं वाण खाली ठेवलं. "माझी पोर बहिरी नाय. घरात सगलं ऐकते," म्हणाली आणि मुलीला उचलून निघून गेली. मुलगी पुन्हा आली नाही. चार घरं पलीकडे अंगणात खेळत होती ती, बाई! आणि तुम्ही हजेरीत तिच्या नावापुढे लिहिलंत, 'गावात नाही.' "मी सांगितलं, माझं काम झालं," म्हणालात. कसलं काम झालं? ती शाळेतही गेली नाही. आता मोठी झालीय, खुणांनी बोलते. वेळेवर कानाचं मशीन मिळालं असतं तर बोलली असती की नाही, मला माहीत नाही. पण तिला ती संधी तुम्ही मिळू दिली नाहीत. मायेनं बोललात म्हणून मी माफ करणार नाही.

आता रोह्यात माझी स्वतःची बालवाडी आहे. माझ्याकडे साडेतीन वर्षांची एक मुलगी येते. हाक मारली तर बघत नाही, चपला एका ओळीत लावत बसते, कुणी एक हलवली तर किंचाळते. मी फाटकात, बाकीच्या आयांसमोर, एक अक्षर बोलले नाही. दोन आठवडे रोज लिहून ठेवलं. बापाची कंपनीतली शिफ्ट बघून शनिवारी दोघांना बोलावलं, दार लावून घेतलं. घरी तिला काय आवडतं ते आधी विचारलं, मग मी पाहिलं तेवढंच सांगितलं. आजाराचं नाव काढलं नाही, डॉक्टरांचा पत्ता दिला. तुम्ही जे जे चुकवलंत ते सगळं मी नीट केलं.

बाप उठला. "तुमी डॉक्टर हाव का? माझ्या पोरीला येडी म्हनता?" आई हळूच म्हणाली, "मला पन वाटत व्हतं..." त्यानं तिच्याकडे असं बघितलं की ती पुढे बोललीच नाही. पत्त्याचा कागद टेबलावरच राहिला.

आज सोमवार, मुलगी आली नाही. संध्याकाळी त्यांच्या घरी जायला हवं, हे मला कळतं. त्या आईला मीच काय ती सोबत आहे. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहिते: सकाळी दहा वाजले, तिची जागा रिकामी दिसली, आणि बाई, मला हायसं वाटलं.