भेंडीच्या बाह्या आणि आईंची ट्रंक

तीर्थस्वरूप वंदनाताईंना उंद्रीहून भावजय प्रतीक्षाचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे, दाजींचा खोकला आणि म्हशीचं दूध, तिन्ही ठीक असतील अशी आशा करते. इकडे आम्ही बरे आहोत. आई रुसून तुमच्याकडे वडनेरला आल्याला आज नऊ दिवस झाले, तेव्हा त्यांची खुशाली तुम्हीच कळवायची. सुनेनं ट्रंक लुटली असं त्यांनी सांगितलं असेल. खरं आहे. पण का लुटली तेवढं ऐका आणि मग त्यांना कधी परत पाठवता ते सांगा.

भेंडी तोडताना हाताला कशी खाज सुटते ते तुम्हाला माहेरचं म्हणून ठाऊकच आहे. बाया नवऱ्यांचे जुने मोजे हातात घालून तोडत (नवरे लग्नालासुद्धा बिनमोज्यांचे). मी मशीनवर पंजासकट लांब बाह्या शिवल्या. आपल्या वावरात तोडायला येणाऱ्या राखीनं त्या घातल्या, आणि पंधरा दिवसांत पार दुसरबीडहून मागणी आली. कापड संपलं. मग मी आईंची ट्रंक उघडली. आत साठेक ब्लाउजपीस! (एका हळदीकुंकवात मिळालेले, दुसऱ्यात द्यायचे, शिवायचं पाप कोणी केलेलं नाही.) प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली. मला वाटलं दुकानाचे कागद असतील, म्हणून न वाचताच चुलीत घातले. निम्मं कापड बेतलं, उरलेलं घडी घालून परत ठेवलं.

कोणता ब्लाउजपीस कोणाकडून आला, ते त्या चिठ्ठ्यांवर होतं हो! ज्याचं त्यालाच परत जाऊ नये म्हणून. पुढच्याच लग्नात आईंनी चिठ्ठीवाचून अंदाजानं गावातल्या कोकिळाबाईंना त्यांचाच जांभळा ब्लाउजपीस दिला. त्यांनी काठावरचा चहाचा डाग ओळखला आणि भर मांडवात विचारलं, "गोजरबाई, माहं मलेच काऊन देऊन राह्यली?" आईंनी घरी येऊन सरळ पिशवी भरली. इतक्या वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. मला फार लाज वाटली, ताई.

परवा कोकिळाबाई दारात उभ्या. मी भांडणाच्या तयारीत. त्यांनी ब्लाउजपिसांचं एक गाठोडं पुढे टाकलं आणि म्हणाल्या, "घे वं. वीस वर्सं झाले, घरोघरी फिरून राह्यले. कोनाच्या हाताले तरी लागू दे." तेव्हापासून गावातल्या सगळ्या ट्रंका उघडल्या आहेत आणि आपल्या ओसरीत पाय ठेवायला जागा नाही.

तुमची,
प्रतीक्षा

ता. क. बाबा रोज जेवताना भाजी चांगली झाली म्हणतात. चेहऱ्यावरून तसं वाटत नाही.

ता. क. दुसरा. दिवाळीला तुम्ही आईंना दिलेला मोरपंखी ब्लाउजपीस सध्या राखीच्या डाव्या हातावर आहे. रागावू नका, खुलून दिसतो.

ता. क. तिसरा. फोन सोडून पत्र का लिहिलं, तर तुमच्या घरी आलेलं पत्र सध्या तुमच्याआधी कोण फोडत असेल ते मला ठाऊक आहे. आई, माझं चुकलं. बाया कापड घेऊन येतात आणि आधी तुम्हालाच विचारतात. मी रोज 'उद्या येतील' म्हणते. घर खायला उठलं आहे. शनिवारी हे गाडी घेऊन येताहेत, त्यांना एकटं परत पाठवू नका.